कर भरल्याची पावती आणि केळ्याची साल

सोसायटीच्या वार्षिक सभेत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आम्ही मालमत्ता कर भरतो. कचऱ्याचं काय करायचं ते पालिकेनं बघावं." बोलणारे गृहस्थ बहुधा कराच्या पावत्या वर्षवार फायलीत लावणारे असतात. त्यामुळे माना डोलतात, विषय पुढच्या सभेवर जातो आणि वेफर्सच्या बश्या फिरू लागतात. याच वाक्याची भारदस्त आवृत्ती अलीकडे शिकल्या-सवरलेल्यांच्या तोंडीही ऐकू येते. घरोघरी खत करणं हे बाल्कनीवाल्यांचं हौशी खूळ आहे. शहराचा कचरा मोठ्या प्रकल्पांनी संपतो, कुंड्यांनी नाही. नागरिकाच्या हातात बादली देणं म्हणजे पालिकेनं आपली जबाबदारी झटकणं.

पालिका जबाबदारी झटकतात हे खरंच आहे, त्यावर वाद घालायला मी बसलेलो नाही. मोठे प्रकल्प मुळीच नकोत असंही मी म्हणत नाही. पण ओल्या कचऱ्याच्या बाबतीत हा सगळा युक्तिवाद एका साध्या गोष्टीपाशी अडखळतो. ती समजायला नगररचना शिकावी लागत नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि ताटातलं खरकटं यांत ढोबळमानाने तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे एक किलो ओल्या कचऱ्यात कोरडा ऐवज पाव किलो. तो जळला तर साधारण १,००० किलोकॅलरी उष्णता मिळेल. मात्र तो जळण्याआधी सोबतच्या पाऊण किलो पाण्याची वाफ करावी लागते आणि तिच्यात ४५० च्या आसपास किलोकॅलरी खर्ची पडतात. हाती राहतात फार तर साडेपाचशे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ऊर्जेसाठी वापरायच्या कचऱ्याची जी पातळी धरली होती, ती किलोला १,५०० किलोकॅलरींची होती. आपली केळ्याची साल तिच्या जवळपासही पोचत नाही. 'कचऱ्यातून वीज' हे शब्द कानाला गोड लागतात, पण ओल्या कचऱ्यापुरतं बोलायचं तर पाणी पेटवून वीज करण्याची ती खटपट आहे.

हा धडा देशाने फार पूर्वी पैसे मोजून घेतलेला आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन जाळायची त्याची क्षमता होती. तो जेमतेम तीन आठवडे चालला आणि १९९० मध्ये बंद पडला. यंत्र युरोपातल्या कोरड्या, कागद-खोक्यांच्या कचऱ्यासाठी बांधलेलं होतं. दिल्लीच्या घराघरांतून त्याच्यापुढे आलं ते भाजीचं ओलं देठ आणि झाडलोटीची माती. त्याला लागणाऱ्या उष्णतेच्या निम्मीसुद्धा त्या कचऱ्यात नव्हती. त्यानंतरही गावोगावच्या नेत्यांनी नारळ फोडायचे थांबवले नाहीत, कारण प्रकल्पाचं उद्घाटन करता येतं, बादलीचं करता येत नाही.

जाळायचा नसेल तर पुरायचा, हा दुसरा मार्ग. त्याचं पुणेरी नाव उरुळी देवाची आणि फुरसुंगी. १९९० च्या दशकापासून पुण्याचा कचरा या दोन गावांच्या शिवारात जाऊन पडला. ओला कचरा हवेशीर कुजला तर बिचारा निरुपद्रवी असतो. तोच ढिगाऱ्याखाली दाबला गेला, प्राणवायू तुटला, की तिथे वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन बनतो. शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट आणि वीस वर्षांच्या हिशोबात सुमारे ऐंशीपट तापवणारा हा वायू. उन्हाळ्यात डेपो धुमसतात त्यालाही त्याचीच फूस असते. त्या कचऱ्यातलं पाणी गाळासारखं काळं होऊन खाली झिरपतं आणि वाटेत सुका कचरा, बॅटऱ्या, औषधं जे भेटेल ते विरघळवत विहिरींकडे जातं. 'ओला कचरा काय, कुजूनच जातो, कुठेही टाका' असं म्हणणाऱ्यांनी फुरसुंगीच्या जुन्या माणसाला त्याच्या विहिरीबद्दल एकदा विचारावं.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांचा संयम सुटला आणि त्यांनी गाड्या अडवल्या. पुढचे काही आठवडे पुण्याच्या रस्त्यांवर, चौकांत, शाळांच्या भिंतींना लागून कचऱ्याचे ढीग चढत गेले. त्या आठवड्यांत पुणेकरांचा कर भरलेला होताच. पावत्या फायलीत होत्या. तरीही साल कुठे जात नव्हती, कारण ती जिथे जायची तिथल्या माणसांनी 'आता बास' म्हटलं होतं. 'पालिकेनं बघावं' या वाक्यात पालिका म्हणजे अमूर्त काहीतरी नसतं. शेवटी ते कुणाचं तरी शेत असतं, कुणाची तरी विहीर असते, आणि त्या माणसाला आपल्या कराच्या पावतीतला एक रुपयाही मिळालेला नसतो.

मुंबईचं चित्र आणखी जुनं आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत शहरातल्या नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि क्रेन पुन्हा हलू लागल्या. कचरा आणि घर यांचा संबंध न्यायालयाला दिसला, बिल्डरांनाही दिसला. आपल्याला तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी दिसू नये, हे विशेष.

आता कराच्या मुद्द्याकडे सरळ येतो. कर भरून आपण सेवा विकत घेतो हे मान्य. पण काही कामं अशी असतात की ती पैसे घेऊनही दुसरा करूच शकत नाही. ओलं आणि सुकं वेगळं ठेवणं हे त्यातलं एक. केळ्याची साल, आमटीचं खरकटं, वर्तमानपत्र, दुधाची पिशवी आणि बाळाचा डायपर या पाच गोष्टी घरात स्वतंत्रच जन्माला येतात. त्यांना एकत्र आणतो तो आपला एकुलता एक डबा. एकदा त्यांचा काला झाला की जगातलं कुठलंही यंत्र, कितीही कोटींचं असो, त्यांना पूर्वपदावर आणू शकत नाही. आमटीत जास्त पडलेलं मीठ काढून घ्यायला जावं तसं ते आहे. चाळण्या, पट्टे, चुंबक, पंखे सगळं लावून शेवटी निघतं ते काचेचे कण मिसळलेलं, शेतकऱ्याने नाकारलेलं 'खत' आणि सिमेंटच्या भट्टीनेही नाक मुरडावं असं ओलसर प्लास्टिक. पालिकेने हजार गोष्टी कराव्यात, तिला जाब विचारावा, पण आपल्या ओट्यावर तिला उभी करता येणार नाही.

"अहो, आम्ही वेगळा करून देतो, पण तुमची ती गाडी सगळं एकत्रच ओतते!" हा पुढचा आक्षेप. सर्व आक्षेपांत हा मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण पुष्कळ ठिकाणी तो खरा आहे. वर्षभर दोन डबे निगुतीने सांभाळणाऱ्या बाईंनी एके सकाळी गॅलरीतून खाली बघावं आणि दोन्ही एकाच हौदात पडताना दिसावेत, याइतकं हिरमोड करणारं दुसरं काही नाही. पण यातून निष्कर्ष कुठला काढायचा? 'म्हणून आम्हीही वेगळं करणं सोडलं' हा लोकप्रिय निष्कर्ष मला अजब वाटतो. गाडीवर विश्वास नसेल तर ओलं गाडीत द्यायचंच कशाला? जे दिलंच नाही ते कोण मिसळणार? घरात किंवा सोसायटीच्या आवारात जिरवण्याच्या बाजूने सर्वांत पक्का मुद्दा पालिकेच्या विरोधकांनीच हातात दिलेला आहे, आणि त्यांच्या तो लक्षात येत नाही.

ओलं बाहेर पडलं नाही की सुक्याचं नशीब पालटतं. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. दारोदार जाऊन कचरा घेणाऱ्या या बायांचं उत्पन्न दोन वाटांनी येतं. एक घराघरातून मिळणारं मासिक शुल्क आणि दुसरी भंगाराची विक्री. कोरड्या पुठ्ठ्याला भाव असतो. वरणाने भिजलेल्या पुठ्ठ्याला नसतो. आपण आळसाने एका डब्यात टाकलेली डाळ तिच्या रोजगारातून वजा होते, आणि ती वेगळी करायला जाताना तुटलेल्या बल्बची काच तिच्या बोटात शिरते. तिचं नाव आपल्या पावतीवर कुठे आहे?

'खूळ' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. महाराष्ट्राला हे शिकवायला कुणी परदेशातून यावं लागलं नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि काडीकचऱ्याची माती करून तीवर शेती करण्याचं शास्त्र शेतकऱ्यांच्या अंगणात नेलं. त्याच विचारातून डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्यातल्या गच्चीवर उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातला कचरा यांवर भाज्या-फळं काढून दाखवली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेणाऐवजी खरकटं, शिळं पीठ, नासकं धान्य यांवर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. मुद्दा साधा होता. गाईच्या पोटातून पचून आलेल्या शेणापेक्षा पिठूळ अन्नात जिवाणूंना खायला कितीतरी जास्त असतं, म्हणून गॅसही लवकर आणि भरपूर सुटतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र घडवलं. अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वेळ द्यावा इतका हा विषय गंभीर आहे, बाल्कनीतल्या तुळशीपुरता नाही.

"छोट्या गावात जमतं हो, शहरात नाही." हे वाक्य वेंगुर्ल्याचं नाव काढलं की येतं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना बारा-एक हजार वस्तीच्या त्या गावाने कचरा इतक्या बारकाईने वेगळा केला की डेपोची जागा लोक बघायला येऊ लागले. ओल्याचा बायोगॅस, पाल्याच्या कांड्या, प्लास्टिक रस्त्यात. छोटं गाव होतं म्हणून जमलं, हे मी मान्य करतो. मग मोठ्या शहराचे छोटे तुकडे करा, एवढंच तर सांगणं आहे. कोथरूडचा कुठलाही रस्ता धरून चार सोसायट्या घेतल्या तर लोकसंख्या वेंगुर्ल्याहून कमीच भरेल. शहर मोठं होतं ते कचरा एके ठिकाणी नेण्याचा हट्ट धरल्यावर.

आणि गावाचंच उदाहरण नको असेल तर केरळात चला. आलप्पुळा हे पावणेदोन लाखांच्या घरातलं शहर. त्याचा कचरा शेजारच्या सर्वोदयपुरम् गावात जायचा. उरुळीसारखंच तिथल्या लोकांनी गाड्या रोखल्या. फरक पुढे पडला. आलप्पुळ्याने नवी जागा शोधण्याऐवजी २०१२ च्या सुमारास ठरवलं की ओला कचरा शहराबाहेर न्यायचाच नाही. घरोघरी पाइपातलं खत, छोटी बायोगॅस संयंत्रं आणि ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी वस्तीतले हवेशीर हौद. थॉमस आयझॅक यांच्यासारखा राजकारणी त्यामागे उभा राहिला हेही खरं, आणि असा राजकारणी आपल्याकडे का सापडत नाही हा वेगळ्या लेखाचा विषय. त्याच राज्यात तासा-दीड तासाच्या अंतरावर कोची आहे. त्या शहराने ब्रह्मपुरमला एक मोठा केंद्रीय प्रकल्प असण्यावर भिस्त ठेवली. २ मार्च २०२३ रोजी तिथल्या डोंगराला आग लागली आणि दहा-बारा दिवस ती विझली नाही. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, लोक घरात मास्क लावून बसले. एकाच राज्यातली, एकाच भाषेची, एकाच पावसात भिजणारी दोन शहरं. मोठा प्रकल्प हाच व्यवहार्य मार्ग म्हणणाऱ्यांनी या जोडीचं काय करायचं ते सांगावं.

वासाचा आणि अळ्यांचा मुद्दा मी थोडक्यात उरकतो, कारण तो आक्षेप कमी आणि कृती चुकल्याची तक्रार जास्त आहे. खत कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस ते तीस भाग लागतात. साली-देठांत नत्र जास्त असतं आणि पाणी त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक थरावर मूठभर कोरडं घालायचं असतं: पाचोळा, लाकडाचा भुसा, नारळाचा भुगा, अगदी फाडलेला पुठ्ठासुद्धा. ते न घालता नुसतं ओलं डब्यात कोंबलं तर हवा खेळत नाही आणि अमोनियाचा भपकारा येतो. पाळीने कोरडं घातलं, आठवड्यातून एकदा काठीने हलवलं, तर येतो तो पहिल्या पावसाच्या मातीचा वास. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी चावत नाही, जेवणावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या आपल्याहून वेगाने काम उरकतात. किळस येत असेल तर कोरडं वाढवा. आपल्या रस्त्यांवर पाचोळ्याची कमतरता नाही. तो सकाळी जाळत बसण्याची मात्र हौस दांडगी.

यंत्रवाल्यांना उत्तर देताना मला जास्त वेळ लागेल, कारण तिथे फसवणूक गुळगुळीत आहे. 'चोवीस तासांत खत' देणारी विजेवरची यंत्रं सोसायट्यांना विकली जातात. आत हीटर आणि पाती. कचरा तापतो, वाळतो, भुकटी होते. ती भुकटी म्हणजे खत नव्हे, तो वाळवलेला कचरा आहे. कुंडीत घालून पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी चढते आणि कुजण्याची राहिलेली सगळी क्रिया झाडाच्या मुळाशी सुरू होते. झाड मान टाकतं आणि लोक म्हणतात, 'बघा, घरचं खत चांगलं नसतं.' विजेचा हिशोबही मांडून पाहावा. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६३ युनिट वीज लागते, यातून निसर्ग कुणाला सूट देत नाही. १०० किलो ओल्या कचऱ्यात ७५ लिटर पाणी धरलं तर रोजचे ४७ युनिट निव्वळ वाळवण्यात गेले. यंत्राची गळती धरली तर याहून जास्त. जे काम पाचोळा आणि जिवाणू फुकट करतात त्यासाठी वीजबिल भरायचं, आणि पहिल्या वर्षीचं बिल पाहून यंत्रावर ताडपत्री घालायची. मीटर-रूमच्या बाजूला अशी ताडपत्री मी एकाहून जास्त सोसायट्यांत पाहिली आहे. तिथेच मालमत्ता करात सवलतही चालू असते. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संकलन यांपैकी एक प्रकल्प असेल तर पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के सूट देते. म्हणजे 'आम्ही कर भरतो' म्हणणारे कित्येकदा कचरा जिरवतो असं सांगून तोच कर कमी भरत असतात.

आता बायकांचा मुद्दा. 'तुमचं हे सगळं शेवटी घरातल्या बाईच्या बोकांडी बसतं' असं कुणी म्हटलं की बहुतेक पर्यावरणवादी घसा खाकरतात. खाकरायचं कारण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं निघालं. पाच तासांत आणखी दहा मिनिटं टाकू नका, हे म्हणणं रास्त आहे. पण खताच्या कामात स्वयंपाकघरातलं काहीच नाही. बादली खाली नेणं, भुसा घालणं, काठीने हलवणं, दीड-दोन महिन्यांनी चाळणं. बगीच्याची आवड सांगणाऱ्या आणि मॉर्निंग वॉकला जाणाऱ्या माणसाचं ते काम आहे. त्याला ९७ मिनिटांवर दहा मिनिटं परवडतील.

खरी गोष्ट याच्या अलीकडे आहे, आणि ती बोलायला कुणालाच आवडत नाही. 'आमच्या आजीच्या वेळी घरात काही वाया जायचं नाही' हे आपण अभिमानाने सांगतो. फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा, गुळ-तुपातला मलिदा, दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची धिरडी, भाजून खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या. ही पाककला खरी होती आणि आजही चवीला अव्वल आहे. पण या स्मरणरंजनात एक गाळलेली जागा आहे. उरलेलं बहुतेक वेळा आजीनेच खाल्लं. आजोबांना ताजी पोळी लागायची, मुलांना शिळा भात चालायचा नाही, पाहुण्याला आग्रह करून वाढलेलं पानात राहायचं, आणि मागच्या पंक्तीला बसलेली बाई पातेल्यातलं खरवडून 'टाकवत नाही' म्हणत पोटात ढकलायची. आपलं शून्य-कचऱ्याचं सुवर्णयुग असं एका माणसाच्या पचनशक्तीवर उभं होतं. ते परत आणायची हाक मी देणार नाही.

आणायचं असेल तर शिळं वाटून खाणं आणा. रात्रीचा भात उरला तर सकाळची फोडणी सगळ्यांच्या ताटात. (भात तासन्‌तास ओट्यावर ठेवू नये, निवला की लगेच फ्रीजमध्ये, त्यातले काही जिवाणू पुन्हा गरम केल्यावरही विष मागे ठेवतात. ही पथ्यं आजीच्या काळात फ्रीजविना पाळली जात नव्हती आणि पोटं बिघडायचीही.) 'मी शिळं खात नाही' हे मोठ्या रुबाबात सांगणाऱ्याने त्या वाक्याची किंमत एकदा तांदळात काढावी. किलोभर तांदूळ पिकायला जागतिक सरासरीने अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. आणि आग्रहाबद्दल काय बोलावं! पाहुण्याच्या 'नको'ला 'लाजू नका' असं उत्तर देऊन वाढलेली तिसरी पुरणपोळी कुठे जाते हे वाढणाऱ्यालाही माहीत असतं.

इथे माझ्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायला हवं. खताचा ड्रम आणला की काही घरांत फेकण्याची टोचणी संपते. अर्धा फ्लॉवर, मोड आलेले बटाटे, विसरलेली पनीरची पिशवी, 'जाऊ दे, खतात जाईल' म्हणत सगळं ड्रमात. त्या पनीरमागचं दूध, चारा, वीज, शीतसाखळी आणि कुणाची तरी पहाट खताने भरून येत नाही. नियम बनवणाऱ्यांनी क्रम ठरवला तो उगाच नाही: आधी कमी करा, मग पोटात घाला, मग जनावराला, आणि शेवटी माती. साल मातीत जावी, पनीर मुळात नासू नये.

याच संदर्भात एका आकड्याची शहानिशा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्न-नासाडीचा अहवाल दिला. त्यात भारतीय घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलो असा अंदाज आहे आणि जगाची सरासरी ७९ किलो. त्यावर 'भारतीय माणशी ५५ किलो अन्न फेकतो' असे मथळे निघाले आणि आपल्याला लाज वाटायला लागली. त्या मोजणीत साली, हाडं, कोयी, शेंगांची टरफलंही धरलेली आहेत. आंब्याची कोय फेकणं म्हणजे अन्न फेकणं नव्हे. आपण किती शिजवलेलं अन्न टाकतो हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. पण माझ्या मुद्द्यासाठी तो आकडा, साली धरून, बरोबर कामाचा आहे, कारण गाडीत चढतं ते सगळंच. माणशी दिवसाला १५० ग्रॅम, चौघांच्या घरात ६०० ग्रॅम. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत रोज १२० किलो ओलं. २०१६ च्या नियमांतच दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक म्हटलं होतं आणि ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवणं त्याच्यावर बंधनकारक केलं होतं. म्हणजे ज्या सभेत 'पालिकेनं बघावं' म्हटलं जातं, तिथे कायद्याचं उत्तर आधीच आलेलं असतं. कुणी वाचलेलं नसतं, इतकंच.

त्या १२० किलोंना लागते जागा किती? दीड महिन्याचं कुजणं धरलं, ढीग रोज खचत जातो हे धरलं, तर एक-दोन मोटारींच्या पार्किंगएवढी. सोसायटीत खरा तंटा तिथे आहे. वास, अळ्या, कर, बायका, शास्त्र सगळं पडद्यापुढचं, पडद्यामागे पाहुण्यांच्या पार्किंगच्या दोन चौकटी.

जागा खरोखर नाही अशी घरं शहरात पुष्कळ आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, समाईक नळ, समाईक मोरी. तिथे ड्रम ठेव म्हणणं क्रूरपणा होईल, आणि माझा युक्तिवाद त्या दारापर्यंत जात नाही. पालिकेची गाडी आणि पालिकेचा बायोगॅस त्या घरासाठीच आहे. ती गाडी तिथे रोज, वेळेवर यायला हवी. ती येत नाही, कारण तिची फेरी आधी आमच्या दोनशे फ्लॅटमधलं ९० लिटर पाणी वाहून नेण्यात संपलेली असते. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये खरकटं पुरायला बंदी केली आणि २०१३ पासून अन्नकचऱ्याचं शुल्क लोकांकडून मापाने घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच इमारतींत डबा उघडायला कार्ड लागतं आणि वजन आपोआप नोंदलं जातं. पुण्या-मुंबईत ते लावायचं झालं तर सुरुवात मोठ्या सोसायट्यांपासून करावी. गेटवर काटा, किलोमागे दर, महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात वेगळी ओळ. वस्त्यांना आणि चाळींना शुल्क माफ. पाच टक्क्यांची सवलत खड्डा बांधल्याबद्दल न देता, काट्यावर ओलं शून्य आल्याबद्दल द्यावी, आणि ती तिमाहीला तपासावी.